पाटीवरचे नाव, तोंडातले नाव

वज्रेश्वरी हे या गावाचे मूळ नाव नाही. तानसा नदीकाठचे हे गाव आधी वडवली म्हणून ओळखले जाई. देवीचे जुने देऊळ इथून उत्तरेला गुंज येथे होते. पोर्तुगिजांनी ते पाडले, आणि देवी वडवलीत आली. १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेवर असलेल्या चिमाजी आप्पांनी इथे नवस केला, किल्ला हाती आला तर देवीला किल्ल्यासारखे देऊळ बांधीन, असे सांगतात. मे महिन्यात वसई पडली. सुभेदार शंकर केशव फडके यांच्या देखरेखीखाली देऊळ उभे राहिले. आजही वर चढणाऱ्याला आधी दिसते ती तटबंदी आणि नगारखान्याचा दरवाजा, देवी नंतर. देवीच्या नावाने पुढे गावाचेच नाव बदलले आणि वडवली मागे पडली.

त्याच विजयाच्या भरात मराठ्यांनी वसईला बाजीपूर असे नाव दिल्याचे इतिहासात वाचायला मिळते. आज वसई स्टेशनवर उतरून बाजीपूरला जायचे म्हणालात तर रिक्षावाला तुमच्याकडे बघत राहील. एकाच विजयाची ही दोन नावे. एक मातीत रुजले, दुसरे कागदावर वाळून गेले. वज्रेश्वरी टिकली, कारण लोक देवीला येत राहिले, गरम पाण्याच्या कुंडांत अंग शेकत राहिले, आणि जाता-येता ते नाव घेत राहिले. बाजीपूर हे नाव घेण्याचे कारण फक्त दरबाराला होते.

नावे आणि कला या विषयावरच्या या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना मी इथून सुरुवात करतो आहे, कारण ठिकाणांच्या नावांविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुतेक वेळा बाजीपूरची असते. कुणाचे नाव काढायचे, कुणाचे लावायचे, ठराव कधी, पाटी कधी. हे नाव कुणाच्या तोंडी बसले आहे आणि ते ऐकताना कुणाची मान खाली जाते, हा प्रश्न ठरावात येत नाही. तो कवितेत, पोवाड्यात, चित्रात, सिनेमात येतो. म्हणून हा विषय कलेचा आहे.

जगात या विषयावर गेल्या काही दशकांत पुष्कळ काम झाले. केपटाऊन शहरातल्या डिस्ट्रिक्ट सिक्स या गजबजलेल्या वस्तीला ११ फेब्रुवारी १९६६ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने फक्त गोऱ्यांचा भाग ठरवले. पुढच्या वर्षांत साठ हजारांवर माणसे उठवली, घरांवर बुलडोझर फिरवला आणि त्या उजाड माळाला झोनेब्लूम असे एका जुन्या डच शेतवाडीचे नाव दिले. डच भाषेत त्याचा अर्थ सूर्यफूल. माणसे हाकलून जागेला फुलाचे नाव देण्यात जो निर्लज्जपणा आहे, तो २०१३ मध्ये हारून गन-साली या तरुण कलावंताने अगदी साध्या रीतीने उघडा केला. रस्त्यावरच्या सरकारी दिशादर्शक फलकांवर जिथे झोनेब्लूम लिहिले होते, ते त्याने झाकले आणि त्यावर डिस्ट्रिक्ट सिक्स ही अक्षरे चिकटवली. फलक सरकारी, वळणही सरकारी. बदलले ते फक्त नाव. घोषणा नाही, मोर्चा नाही. गाडीवाल्याने वर पाहिले तर त्याला वाटावे की नगरपालिकेलाच अक्कल आली. अधिकृत नाव परत यायला २०१९ उजाडले.

अमेरिकेत एडगर हीप ऑफ बर्ड्स हा शायान-अरापाहो जमातीचा कलावंत १९८८ पासून अशाच पाट्या उभ्या करतो आहे. सरकारी पाटीसारखी धातूची पाटी. तिच्यावर राज्याचे किंवा शहराचे नाव आरशात दिसावे तसे उलटे, आणि खाली त्या जमिनीवरच्या मूळ जमातीचे नाव सुलटे. आज तुम्ही यांचे पाहुणे आहात, असा त्या पाटीचा मतलब. उलटे नाव वाचायला थांबावे लागते. रोजचे नाव क्षणभर परके होते, आणि आपण कुणाच्या अंगणात उभे आहोत हे सुलट्या अक्षरांत समोर येते.

आपल्याकडे वंशभेदाची उदाहरणे शोधायला निघालेला माणूस पहिल्यांदा फोर्टात जातो, गोऱ्या साहेबांची नावे मोजतो. जावे, हरकत नाही. तिथे एक उत्तम उदाहरण आहेच. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याच्या आठवणीसाठी आल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा मुंबईला भेट दिला. जोसेफ एडगर बोम या शिल्पकाराचे काम, १८७९ मध्ये अनावरण. पुतळा राजपुत्राचा, पण तो काळ्या धातूचा होता, आणि मुंबईकरांनी स्वाराकडे ढुंकून न बघता जागेला नाव दिले काळा घोडा. कुणी ठराव केला नाही, कुणी समिती नेमली नाही. साम्राज्याचा भावी बादशहा ज्या जनावरावर बसला होता, ते जनावर शहराने उचलले आणि बादशहाला पत्त्यातूनही वगळले. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला, तरी पुढची पन्नासेक वर्षे घोडा नसलेल्या जागेला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. १९९९ पासून त्या नावाने कलामहोत्सव भरतो. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा राहिला. अल्फाझ मिलर यांची कल्पना, श्रीहरी भोसले यांचे शिल्प. या घोड्यावर स्वार नाही. मूळ पुतळ्यावर सामान्य माणसांनी केलेली टीका शिल्पकाराने जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी मान्य केली, असे मी त्याकडे पाहतो.

याच शहरात ऑक्टोबर १८९६ मध्ये दामोदर हरी चापेकर यांनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. पांढऱ्याशुभ्र दगडावर काळे डांबर. रंगांची निवड एखाद्या पोस्टर रंगवणाऱ्याला शोभेल अशी. त्याला कला म्हणावे की नाही यावर वाद होऊ शकेल. पण ज्या हाताने परकी राणीला काळे फासले, त्या हाताचे आपल्या समाजातल्या सुधारकांशीही हाडवैर होते, ही गोष्ट चापेकरांच्या आत्मवृत्तातून लपत नाही. परक्याने केलेला अपमान लख्ख दिसणे आणि आपण केलेला अजिबात न दिसणे, या दोन्ही गोष्टी एकाच डोळ्यात सुखाने नांदू शकतात.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या इंग्रजी वळणाच्या स्टेशनांची नावे बदलण्याचा प्रस्ताव मान्य केला. करी रोडचे लालबाग, सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, चर्नी रोडचे गिरगाव, कॉटन ग्रीनचे काळाचौकी. मला या यादीत वावगे काही दिसत नाही. उलट लालबाग, डोंगरी, गिरगाव ही नावे लोकांच्या तोंडी आधीपासूनच आहेत. पण या बदलात कुणाचे काय गेले? साहेब कधीच गेले. त्यांच्या नावाची पाटी उतरवताना आपल्या शेजाऱ्याशी भांडावे लागत नाही, गावकीत वाईटपणा घ्यावा लागत नाही, जेवणाच्या पंगतीत कुणी तोंड फिरवत नाही. गोऱ्यांच्या वंशभेदाविरुद्ध आज उभे राहणे हे फार स्वस्तातले शौर्य आहे.

महागातले शौर्य गावकुसाबाहेर लागते.

महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती ही नावे पिढ्यान्‌पिढ्या नुसती बोलली गेली नाहीत, तर सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत आणि पोस्टाच्या पत्त्यापर्यंत लिहिली गेली. पत्ता सांगितला की जात सांगून झाली; वेगळे विचारायला नको. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने अशी जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. यादीत ब्राह्मणवाडा आणि माळी गल्लीही होती. म्हणजे निर्णय सरसकट होता. निर्णय योग्यच होता, आणि उशिराचा होता. पण पुढे काय झाले ते गावोगाव दिसते. लोखंडी पाटी आली, ऑइल पेंटमध्ये समतानगर लिहिले गेले, खाली कुणाच्या सौजन्याने ते लिहिले गेले, आणि बऱ्याच ठिकाणी सौजन्याची अक्षरे समतेहून मोठी निघाली. पाण्याची टाकी गावात राहिली. स्मशानाची वाट वेगळीच राहिली. बोलताना वरच्या आळीतला म्हातारा जुनेच नाव घेतो आणि तरुण मुलगा नवे नाव घेतो, पण ओठाच्या ज्या कोपऱ्याने ते घेतो त्यात जुनेच असते.

इथे कलावंत कामाला येतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (२०१३) शेवटाकडे एक प्रसंग आहे. जब्या या मुलाचे कुटुंब दिवसभर छी-थू सोसून पकडलेले डुक्कर बांबूला बांधून नेते आहे. ते शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर बाबासाहेबांची, सावित्रीबाईंची चित्रे रंगवलेली आहेत, सरकारी शाळेत असतात तशीच, जरा कच्च्या हाताची. कॅमेरा काही बोलत नाही. भिंतीवर थोर माणसे, भिंतीखालून डुक्कर वाहणारी पोरे. समतानगरच्या पाटीवर शंभर पानी अहवाल लिहून जे सांगता येणार नाही, ते त्या एका चौकटीत आले आहे. पाटी बदलली म्हणजे काम झाले असे ज्यांना वाटते, त्यांना हा प्रसंग पुन्हा एकदा दाखवावा.

मराठी साहित्याने हे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू केले. नामदेव ढसाळ मुंबईत ज्या घरात वाढले ती ढोर चाळ, पत्ताच जातीचा. कामाठीपुऱ्याच्या त्या टापूतल्या एका नाक्याचे नाव, जे पांढरपेशा मराठी माणूस चारचौघांत उच्चारत नसे, ते ढसाळांनी १९७२ मध्ये कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर छापले : ‘गोलपिठा’. त्या पुस्तकाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या गल्ल्यांतून हिंडले आणि आपल्याला तिथले काय काय कळत नाही, ते त्यांनी मोकळेपणाने लिहिले. प्रस्तावनाकाराने वाचकाच्या आधी स्वतः अडाणी व्हावे, ही पद्धत त्यांनी घालून दिली, आणि ती अजून फारशी कुणाला पेललेली नाही. पुढे १९७८ मध्ये दया पवारांच्या ‘बलुतं’ने कावाखाना आणि महारवाडा ही दोन्ही ठिकाणे मराठी घरांच्या पुस्तकांच्या कपाटात आणून ठेवली. ही नावे तिथून आता कुठलाही शासननिर्णय काढू शकत नाही, काढूही नये. अपमानाचे नाव पत्त्यातून गेले पाहिजे आणि पुस्तकात राहिले पाहिजे. नाहीतर पुढच्या पिढीला वाटेल की समतानगर आधीपासून समतानगरच होते.

नाव काढण्यापेक्षा नाव लावण्याची किंमत किती मोठी असू शकते हे मराठवाड्याने पाहिले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर खेड्यापाड्यांत दलितांची घरे जळाली, पोचीराम कांबळे मारले गेले. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव लागले, तेही नामांतर न होता नामविस्तार होऊन. मधली सोळा वर्षे हा प्रश्न कोण धगधगत ठेवत होते? विधिमंडळ नव्हे. वस्तीतल्या चौकात डफ-ढोलकीवर उभे राहणारे शाहीर आणि गायक पार्ट्या. नामांतराचे गाणे ज्या वस्तीत रात्री दोनपर्यंत चाले, त्या वस्तीतल्या पोराला विद्यापीठ म्हणजे काय हे शाळेत जाण्याआधी माहीत होई.

घाटकोपरच्या वस्तीने रमाबाई आंबेडकर नगर हे नाव स्वतः घेतले. कुणी सौजन्याने दिले नव्हते. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली दिसली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे गेली. शंभर वर्षांपूर्वी राणीच्या गळ्यातली माळ सत्तेच्या विरोधात होती. इथे ती कुणाच्या बाजूने होती हे वेगळे सांगायला नको. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट तिथून सुरू होतो, आणि तो पुरा व्हायला चौदा वर्षे लागली.

आता सोप्या उत्तरावर समाधान मानणाऱ्यांसाठी एक अडचण. सगळीच जातिवाचक नावे काढून टाकावीत का? मुंबईचे कोळीवाडे घ्या. कोळीवाडा हेही जमातीचे नाव, पण कोळ्यांना ते सोडायचे नाही, कारण त्या नावात जमिनीचा हक्क आहे. मासळी वाळवायची मोकळी जागा, होड्या ओढायचा किनारा, गावठाणाची हद्द, सगळे त्या एका शब्दाला टांगलेले आहे. शीवजवळच्या कोळीवाडा स्टेशनचे गुरू तेगबहादूर नगर झाले. गुरूंच्या थोरवीविषयी दुमत नाही, पण किनाऱ्याच्या मूळ माणसाचा स्टेशनावरचा उल्लेख गेला तो गेलाच. तेव्हा जात दिसली की पुसा, हा नियम चालत नाही. ज्याला ते नाव चिकटवले गेले तो त्याचे काय म्हणतो, हे विचारावे लागते. महारवाडा आणि कोळीवाडा यांच्यातला फरक वाड्यात राहणाराच सांगू शकतो.

आमच्या या पट्ट्यात हा प्रश्न आणखी अवघड होतो. ठाणे, पालघर, रायगडच्या डोंगरउतारांवर कातकरीवाडी, ठाकूरवाडी ही नावे पावलोपावली. कर्जत-लोणावळा घाटात तर ठाकूरवाडी हे रेल्वेच्या थांब्याचेच नाव आहे. ठाकरांपैकी अनेकांना त्यात कमीपणा वाटत नाही. कातकऱ्यांचे तसे नाही. त्यांच्या नावाबरोबर गावचा संशय चालत येतो, चोरी झाली की पहिली काठी त्याच वाडीकडे वळते. आणि आत त्या वाडीला माणसे बहुधा वेगळेच काही म्हणत असतात : एखाद्या झाडाचे, ओहोळाचे, पहिले खोपट घालणाऱ्या आजोबाचे नाव. ते नाव कुठल्याच नकाशावर नाही.

उलट याच पट्ट्यातल्या पाण्याला नावे आहेत. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले आणि मुंबईच्या नळाला पाणी गेले. वैतरणेवरच्या १९५७ च्या जलाशयाला ते घडवणारे अभियंते नानासाहेब मोडक यांचे नाव मिळाले, मोडकसागर. अभियंत्याचे नाव धरणाला मिळावे यात गैर काहीच नाही; पुढाऱ्यांपेक्षा ते शतपटीने बरे. पण जे पाडे पाण्याखाली गेले त्यांची नावे सांगणारी एक तरी पाटी मुंबईच्या एखाद्या पाणपोईवर असावी, असे एकाही शिल्पकाराला, एकाही महानगरपालिकेला आजवर सुचले असेल तर माझ्या पाहण्यात ते आलेले नाही.

वारली चित्रकलेचे काय झाले तेही इथेच सांगतो. जिव्या सोमा मशे यांनी गेरूवर तांदळाच्या पिठाने जे चितारले, त्याने जग जिंकले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती चित्रे हॉटेलांच्या, रिसॉर्टांच्या, उड्डाणपुलांच्या खांबांवर आहेत. गोल फेर धरून नाचणारी माणसे, मध्ये तारपा वाजवणारा. त्या माणसांना पाड्याचे नाव नाही, आडनाव नाही, मागणी नाही. कला अशी बिननावाची करून टाकली की ती कुणालाच बोचत नाही आणि भिंत मात्र छान दिसते. म्हणून २०१९ मध्ये स्वदेशी या मुंबईच्या हिप-हॉप गटाने आरे वसाहतीतले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्याबरोबर केलेले ‘द वारली रिव्होल्ट’ मला महत्त्वाचे वाटते. त्यात वारली माणूस नाचून दाखवत नाही, जंगल कुणाचे ते विचारतो. गाण्याच्या नावातच १९४५ चा वारल्यांचा उठाव आहे. गोदावरी परुळेकरांनी ज्याची हकिगत लिहून ठेवली तोच तो वेठीविरुद्धचा उठाव, ज्यात ऑक्टोबरमध्ये तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी पडले. साहेबांच्या नावाचे रस्ते शोधून शोधून बदलणाऱ्या राज्यात जेठ्या गांगड हे नाव किती पाठ्यपुस्तकांत, किती चौकांत आहे ते वाचकांनी आपापल्या तालुक्यात पाहावे.

या संग्रहाकडून माझी अपेक्षा मोठी नाही. त्याने नावांची नवी यादी देऊ नये. याद्या करायला सरकार समर्थ आहे. पाटीवरचे नाव आणि तोंडातले नाव यांच्यातले अंतर त्याने दाखवावे. हे अंतर चित्रकार पाटी उलटी लावून दाखवील, शाहीर डफावर, सिनेमावाला शाळेच्या भिंतीवर. काही प्रयोग फसतील, काही वात्रट वाटतील, एखाद्यावर गुन्हाही दाखल होईल. डांबराचा डबा हाती घेतलेल्या प्रत्येकाला इतिहासाची जाण असेलच असे नाही, हे चापेकरांच्या उदाहरणावरून लक्षात ठेवावे.

वाचकांकडे मात्र एक मागणे आहे. वस्तीचे नाव बदलण्याचा विषय तुमच्या ग्रामसभेत आज ना उद्या येईल. बहुधा तो विषयपत्रिकेच्या शेवटी, लोक उठू लागल्यावर, पाच मिनिटांत उरकला जाईल आणि नाव आधीच कुणीतरी ठरवलेले असेल. त्या दिवशी उठू नका. त्या वस्तीतल्या बाया तिथे आल्या आहेत का ते पाहा, नसतील तर सभा तहकूब करायला सांगा, आणि त्या आपल्या वस्तीला आपसांत काय म्हणतात ते आधी इतिवृत्तात लिहून घ्या. पाटी रंगवायला नंतरही वेळ आहे.